तीन बोटं पाणी

नात रांगायला लागली त्या आठवड्यात मी एकदा तिच्याशेजारी पोटावर पडून घर पाहिलं. पलंगाखाली अर्धा शेंगदाणा, टीव्हीमागे लोंबणारी चार्जरची वायर, देव्हाऱ्याखाली पडलेली काडेपेटीची काडी. आणि मोरीच्या उघड्या दारातून समोरच दिसणारी लाल बादली. उभ्याने यातलं काहीच नजरेत आलं नव्हतं. मग घरात थोडे बदल केले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी विचारलं, “आमची पोरं नाही का वाढली?” वाढली, हे खरं. पण जी वाढली नाहीत त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

गैरसमज: बादलीत थोडंसंच पाणी आहे, त्यात कोण बुडणार?

बुडायला नाक-तोंड झाकेल एवढं पाणी पुरतं. पाच सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटं. वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते बादलीचा काठ धरून उभं राहतं, आत काय चमकतंय म्हणून वाकतं आणि तोल जाऊन डोक्यावर आत पडतं. स्वतःला वर उचलण्याइतकी ताकद हातांत नसते, आणि बादलीत पाणी बरंच असेल तर वजनामुळे ती कलंडतही नाही.

“बुडायला लागलं तर ओरडेल की” हा त्याहून घातक समज. तोंड पाण्यात असताना आवाज निघतच नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला काहीही ऐकू येत नाही, आणि सगळा खेळ काही मिनिटांचा असतो. म्हणूनच “आमचं लक्ष असतं” या वाक्यावर माझा भरवसा नाही. लक्ष सगळ्यांचंच असतं. दूध उतू जातं, दारावर कुणी येतं, फोन वाजतो, तेवढ्यापुरतं ते सुटतं. त्या तेवढ्या वेळात बाळाला पाण्यापर्यंत पोहोचताच येऊ नये, अशी व्यवस्था हवी. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर भरून ठेवणं चुकत नाही. मग पिंपाला घट्ट झाकण घाला, मोरीच्या दाराला बाळाचा हात पोहोचणार नाही अशी वर कडी लावा, आणि रिकामी बादली पालथी ठेवा.

गैरसमज: आधी कढत पाणी काढायचं, मग विसण घालायचं.

पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, पण क्रम चुकीचा आहे. कढत पाणी काढून विसण आणायला वळलो, की तेवढ्यात बाळ बादलीशी पोहोचतं. आधी गार पाणी, मग त्यात गरम. हात घालून तळापर्यंत ढवळायचं आणि कोपराने पाहायचं. 60 अंश सेल्सियसचं पाणी मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजतं. बाळाची कातडी पातळ, त्याला त्याहूनही कमी वेळ लागतो. गीझरचा काटा 50च्या खाली ठेवा. बादलीत हीटरचा रॉड लावला असेल तर मोरीचं दार बंदच हवं. आणि बाळ मांडीवर असताना हातात चहाचा कप नको. ओतल्यानंतर पंधरा मिनिटांनीही तो चहा बाळाला भाजू शकतो.

भाजलंच तर टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ यातलं काहीही लावू नका. भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. वीस मिनिटं फार लांबतात, बाळ रडतं, जीव तुटतो, तरी धरा. मनगट्या, वाळे, कपडे काढा. कातडीला चिकटलेलं मात्र ओढू नका. बाकीचं अंग उबदार ठेवा, जखमेवर स्वच्छ कापड सैल टाका आणि दवाखाना गाठा.

गैरसमज: वॉकरने बाळ लवकर चालायला लागतं.

उलट, चालणं लांबू शकतं. वॉकरमध्ये बाळ बसल्या बसल्या पायाच्या बोटांनी स्वतःला ढकलतं. तोल सांभाळायला शिकत नाही. वेग मात्र सेकंदाला मीटरभराहून जास्त असतो, त्यामुळे जिन्यापर्यंत किंवा गॅसपर्यंत ते आपल्या आधी पोहोचतं. कॅनडाने 2004 मध्ये याच कारणाने वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ मागे उभं राहून, स्वतःच्या पायांवर भार घेऊन गाडा ढकलतं. तोही जिन्यापासून दूरच हवा.

गैरसमज: काही गिळलं तर आधी उलटी करवायची.

रॉकेल, फिनेल, संडास धुण्याचं ॲसिड पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणीही पाजू नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा जाळतं. रॉकेल फुप्फुसात शिरून जिवावर बेततं. बाटली बरोबर घेऊन निघा, 108 ला फोन करा. असलं काही कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका.

रिमोटमधला, आवाज करणाऱ्या खेळण्यातला, दिवाळीच्या सेलवरच्या पणतीतला गोल चपटा सेल गिळला असेल, किंवा नुसती शंका जरी आली, तरी सकाळची वाट पाहू नका. “सेल संपलेला होता” याला अर्थ नाही. संपलेल्या सेलमध्येही पुरेसा प्रवाह उरतो, आणि घशात अडकलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. रात्री कितीही वाजले असोत, एक्स-रे त्याच वेळी काढायचा.

काही गोष्टी न गिळताही बाधतात. थोरल्याची दुपटी धाकट्यासाठी ट्रंकेत जपून ठेवताना त्यांत डांबराच्या गोळ्या घालू नका. काही बाळांत जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनेही फुटतात आणि कावीळ चढते. आणि घशात अडकू नये म्हणून अख्खा शेंगदाणा, फुटाणा निदान चार वर्षांपर्यंत देऊ नका, कूट चालतं.

घरात लहान मूल असेल, किंवा सुट्टीला येणार असेल, तर हे वाचून होताच एकदा मोरीत जाऊन या. बादलीत पाणी असेल तर झाकण घाला. नसेल तर ती पालथी करून ठेवा.