तबकडीतील स्वर

शिल्पकाराने घडविलेली मूर्ती त्याच्या पश्चात शेकडो वर्षे उभी राहते. कवीचे काव्य प्रथम हस्तलिखितांतून आणि पुढे छापील पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाते. गायकाची कला मात्र फार नाजूक. स्वर कंठातून निघतो, क्षणभर हवेत तरंगतो आणि विरून जातो. जे त्या वेळी समोर बसलेले असतात त्यांनाच तो लाभतो. इतरांनी त्याचे केवळ वर्णन ऐकावयाचे!

या दृष्टीने पुणे शहरातील एक उदाहरण विचार करण्यासारखे आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले हे आपल्या काळातील फार मोठे गवई. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज ही संस्था स्थापन केली. ‘स्वयंवर’ या संगीत नाटकातील पदांना त्यांनी दिलेल्या चाली महाराष्ट्रभर गाजल्या. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांच्यासारखे गुणी शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२२ साली बुवा निवर्तले. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. शिष्यांचे गाणे आज ऐकता येते; ज्यांनी ते शिकविले त्या गुरूंचा आवाज कसा होता, हे मात्र कोणालाही ऐकता येत नाही.

आवाज पकडून ठेवण्याची युक्ती बुवांच्या हयातीत जगाला ठाऊक झालेली होती. १८७७ साली अमेरिकेतील एडिसन या संशोधकाने फोनोग्राफ तयार केला. त्यात ध्वनी एका फिरत्या नळकांड्यावर उमटत असे. पुढे दहा वर्षांनी, म्हणजे १८८७ साली, एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली. तोच ग्रामोफोन होय. एका तबकडीवरून साचा करून तशाच शेकडो तबकड्या काढता येत, हा तिचा मोठा गुण. एका मैफलीतील गाणे शेकडो घरांत वाटले जाण्याची सोय त्यामुळे झाली.

ही किमया कशी घडते? ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. गायक एका मोठ्या कर्ण्यापाशी तोंड नेऊन गाई. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला एक पातळ पडदा असे. स्वर उमटताच तो पडदा थरारे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर बारीक, नागमोडी रेघ कोरीत जाई. त्या मेणावर धातूचा थर चढवून साचा बनवीत. मग तो साचा लाखेच्या मऊ मिश्रणावर दाबला, की तबकडी तयार होई. तबकडी वाजविताना सारे उलट घडे. सुई त्या नागमोडी खाचेतून फिरे, तिच्या कंपनाने पडदा हाले आणि कर्ण्यातून तेच गाणे पुन्हा बाहेर पडे.

भारतात हे काम १९०२ साली सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तज्ज्ञ त्या वर्षी कलकत्त्यास आला. त्याने नोव्हेंबर महिन्यात गौहर जान या विख्यात गायिकेचे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे संपताच गौहर जान यांनी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारले. आज ते ऐकताना मौज वाटते. पण त्यामागे व्यवहाराची गरज होती. मेणाच्या तबकड्या समुद्रमार्गे जर्मनीतील हॅनोव्हर शहरी जात आणि तेथे त्यांच्या प्रती निघत. तेथील कारागिरांना ना हिंदुस्थानी भाषा कळत असे, ना येथील गायक ठाऊक. कोणते गाणे कोणाचे, हे त्यांना समजावे म्हणून गायक स्वतःच आपले नाव सांगे. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला, तरी नाव पुकारण्याची चाल काही काळ टिकून राहिली.

या तबकड्या मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेत आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावे. मैफलीत एक राग तासभर आळविणाऱ्या गवयाला ही केवढी अडचण! कित्येक मोठ्या गायकांना हा प्रकार रुचला नाही. ज्यांनी तो स्वीकारला, त्यांना रागाचे सार तेवढे निवडून मांडावे लागले. अत्तराच्या थेंबात फुलांचा सुगंध सामावावा, त्याप्रमाणे त्यांनी तीन मिनिटांत रागाचे रूप उभे केले. अशा उत्तम तबकड्या शंभर वर्षांनंतरही रसिक आवडीने ऐकतात.

ग्रामोफोन ही त्या काळी चैनीची वस्तू होती. गावात एखाद्याच घरी तो असे. परंतु ज्याच्या घरी तो वाजे, त्याला ते गाणे एकट्यापुरते ठेवता येत नसे. चावी दिली, सुई टेकली आणि कर्णा बोलू लागला, की आळीतील माणसे ओसरीवर जमत. हॉटेलांतून आणि दुकानांतूनही तबकड्या वाजत आणि वाटसरू क्षणभर थांबून ऐकत. ज्यांना मैफलीत प्रवेश मिळाला नसता, अशांच्या कानीही उत्तम गाणे पडू लागले.

अशाच एका तबकडीने एका मुलाचे आयुष्य बदलले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे किराणा घराण्याचे थोर गायक. त्यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते. त्यांनी गायिलेल्या झिंझोटी रागातील ठुमरीची ध्वनिमुद्रिका फार लोकप्रिय झाली होती. कर्नाटकातील गदग येथे राहणाऱ्या एका शाळकरी मुलाने ती एका दुकानात ऐकली. त्या आर्त स्वरांनी तो भारावून गेला. आपल्यालाही असे गाता आले पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. हा मुलगा म्हणजे पुढे ‘भारतरत्न’ झालेले पंडित भीमसेन जोशी.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तबकडीने त्या मुलाला गाणे शिकविले नाही. गाणे कोठवर जाऊ शकते, एवढेच दाखविले. तबकडी चुकलेला स्वर सुधारीत नाही, की शंकेला उत्तर देत नाही. म्हणूनच तो मुलगा गुरूच्या शोधात ग्वाल्हेर, जालंधर अशी दूरदूरची शहरे हिंडला. अखेर वडिलांनी त्याला शोधून घरी आणले आणि १९३६ साली घराजवळच, कुंदगोळ येथे, त्याला गुरू लाभले. ते गुरू होते सवाई गंधर्व, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य! ज्या गायकीने दुकानासमोर पाय खिळविले होते, तीच आता समोर बसून शिकावयास मिळाली. १९५२ साली सवाई गंधर्वांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला आणि भीमसेनांनी तो अनेक वर्षे निष्ठेने चालविला. आज हजारो श्रोते तेथे एकत्र बसून गाणे ऐकतात.

ध्वनिमुद्रिकेचे मोल दुसऱ्याही एका गायकाच्या चरित्रावरून कळते. पंडित दत्तात्रेय विष्णू पलुसकर यांनी पुण्याच्या विनायकराव पटवर्धनांपाशी गायनाचे शिक्षण घेतले होते. निर्मळ आवाज आणि नेटके, प्रसन्न गाणे यांमुळे ते तरुण वयातच कीर्तीस चढले. परंतु १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांना मृत्यूने गाठले. त्यांची ध्वनिमुद्रणे मागे उरली म्हणून त्यांचे गाणे नंतर जन्मलेल्या पिढ्यांनाही ऐकता आले.

काळ बदलला तशी साधनेही बदलली. १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. १९५३ साली पुण्यात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्यानंतर टेप, कॅसेट, सीडी अशी साधने क्रमाने आली. आता तर तळहातावर मावणाऱ्या मोबाइल फोनवरून हजारो राग ऐकता येतात आणि क्षणार्धात मित्राला पाठविता येतात. गाणे मिळविणे सोपे झाले आहे. ते मन लावून ऐकणे मात्र पूर्वीइतकेच कठीण आहे. पाठविलेली दहा गाणी न ऐकता राहतात आणि पाठविणारा मात्र आपण पुष्कळ दिले असे समजतो.

गाणे एकमेकांस कसे द्यावे, हे संग्राहकांकडून शिकण्यासारखे आहे. जुन्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकांनी १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन केली. अशा रसिकांच्या श्रवणसभांची रीत साधी असते. कोणी एकजण आपल्या संग्रहातील ध्वनिमुद्रिका आणतो. ती कोणाची, राग कोणता, ताल कोणता, ती केव्हा निघाली, हे तो थोडक्यात सांगतो. मग सर्वजण शांतपणे ती ऐकतात आणि ऐकून झाल्यावर चर्चा होते. तेथे देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही. उलट, जी तबकडी तो एकटा अनेकदा ऐकत आला, तिच्यातील एखादी न जाणवलेली जागा दुसरा कोणी त्याला दाखवून देतो.

शाळेतील मुलांनाही अशी श्रवणसभा भरविता येईल. समजा, एकाने भूप रागाचे ध्वनिमुद्रण आणले आणि दुसऱ्याने देसकाराचे. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. तरीही भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि देसकार सकाळी. भूपात गंधाराला महत्त्व, तर देसकारात धैवताला. दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकली, म्हणजे तेच स्वर असूनही दोन निराळी रूपे कशी प्रकटतात, हे कानांनाच उमगते. पुस्तकातील पानभर वर्णनाने जे साधत नाही, ते अशा श्रवणाने साधते.

देताना दोन कर्तव्ये विसरू नयेत. पहिले, कलावंताचे नाव अवश्य सांगावे. गौहर जान यांना ते गाण्याच्या शेवटी पुकारावे लागले होते. आज ते काम देणाऱ्याचे आहे. नाव सुटले, की ते गाणे अनाथ होते. दुसरे, कलावंताचा आणि प्रकाशकाचा हक्क मानावा. भारतीय कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर त्यापुढील साठ वर्षे हक्क असतो. त्या काळात अनुमतीवाचून त्याच्या प्रती काढून वाटणे योग्य नव्हे.

जुन्या तबकड्या लाखेच्या असल्याने हातून पडताच फुटतात, घासून झिजतात, ओलीने बुरसटतात. घर बदलताना निरुपयोगी म्हणून कित्येक तबकड्या टाकून दिल्या जातात. त्यांतील एखादी त्या गाण्याची अखेरची प्रत असू शकते. म्हणून माळ्यावर जुनी तबकडी सापडली, तर तिच्यावर वजन ठेवू नये, तिला पाण्याने धुऊ नये आणि टाकण्यापूर्वी जाणत्या संग्राहकास दाखवावी. त्याने तिची नक्कल करून घेतली, तर तो आवाज पुढील पिढीस मिळेल.

सर्वांत दूर पाठविलेली तबकडीही जाणून घेण्याजोगी आहे. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येक यानावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तीत जगातील निवडक संगीत साठविले असून भारताच्या वतीने केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. केसरबाई गोव्यातील केरी गावच्या. उस्ताद अल्लादिया खाँ हे त्यांचे प्रमुख गुरू. परंतु त्याआधी काही काळ त्यांनी भास्करबुवा बखल्यांकडेही शिक्षण घेतले होते. ज्या बुवांचा स्वर तबकडीत उतरला नाही, त्यांच्या शिष्येचा स्वर आता सूर्यमालेतील सर्व ग्रहांच्या पलीकडे प्रवास करीत आहे.

त्या तबकडीबरोबर सुईही ठेवली आहे आणि ती कशी वाजवावी, याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या आहेत. ऐकणारा कोण असेल, हे पाठविणाऱ्यांना ठाऊक नव्हते. तरी त्याला ऐकता यावे, याची काळजी त्यांनी वाहिली. शेजारच्या बाकावरील मित्राला गाणे देताना याहून कमी काळजी घेऊन कसे चालेल?