टरफलाचे मोल

मुंबईच्या ससून डॉकवर कोलंबी सोलणाऱ्या बायकांचे हात एकदा पाहावेत. एका हिसक्यात डोके वेगळे, दुसऱ्या हिसक्यात टरफल. गर बर्फात जातो, तिथून परदेशी जातो. मागे उरतो तो ढीग. कोलंबीचे जवळजवळ निम्मे वजन या ढिगातच असते. ऊन चढले की तो नासू लागतो आणि नाक दाबून आपण त्याला घाण म्हणतो.

मंडळी, ही घाण नव्हे, हे अन्न आहे. मात्र काही तासांचेच. ताजेपणी वाळवून दळले तर कोंबड्यांच्या खाद्यात ते उपयोगी पडते. मका, ज्वारीत लायसिन कमी, सोयाबीनच्या पेंडीत मेथिओनिन कमी. कोलंबीच्या प्रथिनांत ही दोन्ही अमिनो आम्ले बऱ्यापैकी असतात. शिवाय टरफलातला तांबूस रंग अंड्याच्या बलकालाही चढतो.

या भुकटीत प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास भरतात. पण या आकड्यापाशी जरा थांबू या. प्रयोगशाळा सहसा प्रथिने थेट मोजत नाही. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली सांगितलेल्या पद्धतीने ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. गंमत अशी की, टरफल ज्या कायटिनचे बनलेले असते, त्यातही सुमारे ७ टक्के नत्र असते. म्हणजे शंभर ग्रॅम शुद्ध कायटिन तपासायला दिले, तर कागदावर ४३ ग्रॅम प्रथिने दिसतील आणि प्रत्यक्षात एक ग्रॅमही नसेल! हे कायटिन कोंबडीला फारसे पचतही नाही.

म्हणून दोन पोत्यांवर आकडा एकच असला, तरी माल एकच असतो असे नाही. डोकी जास्त, तर खरी प्रथिने जास्त. टरफले जास्त, तर कायटिन आणि चुना जास्त. उघड्या वाळूवर वाळवलेल्या मालात वाळूही वजनाला येते. कर्ज काढून पाचशे कोंबड्या पाळणाऱ्याला या फरकाची किंमत मोजावी लागते.

पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा दुसरा उपाय आहे. ताजा माल बारीक करून त्यात फॉर्मिक आम्ल मिसळतात. नुसत्या माशांच्या मालाला वजनाच्या २ ते ३ टक्के पुरते. इथे टरफलातला चुना आम्ल मारतो, म्हणून जास्त लागते. सामू ४ च्या खाली आला की कुजणे थांबते. डोक्यातलेच पाचकरस मालाचे पातळ खाद्य करतात आणि ते कोंड्यात मिसळून देता येते. हे आम्ल कातडी भाजते, तेव्हा हातमोजे हवेतच.

पोते घेताना टक्क्यांखेरीज दोन प्रश्न जरूर विचारा. यात डोकी किती? आणि सोलल्यापासून किती तासांत वाळवले? ज्याला उत्तर देता येईल, त्याच्याकडूनच माल घ्या.