आधी पाय बघा

टबात अर्ध्यापर्यंत पाणी होतं आणि त्यात आठ कासवं माना उंच काढून धडपडत होती. कुणाच्या तरी घरातून जप्त होऊन ती बचाव केंद्रात आली होती. पाणी मायेनंच घातलेलं. "आधी ते ओता," डॉक्टर म्हणाल्या, "ही पोहणारी नाहीत."

आपल्याकडे विहिरीतलं, समुद्रातलं, महादेवाच्या देवळात नंदीपुढचं दगडी, सगळं कासवच. हसायला नको, १७५८ साली लिनियसनंही समुद्री कासवांसकट सगळ्यांना 'टेस्ट्युडो' या एकाच प्रजातीत कोंबलं होतं.

डॉक्टरांनी एक उचललं. मागचे पाय हत्तीसारखे, खांबासारखे; बोटांमध्ये पडदा नाही. म्हणजे कुळ टेस्ट्युडिनिडी, जमिनीवरचं. पाठीवर मधोमध पाच खवले, दोन्ही बाजूंना चार-चार, प्रत्येकावर पिवळ्या रेघांची चांदणी. मग अंगठा मानेच्या वरच्या कडेवर फिरला. बऱ्याच कासवांना तिथं एक चिमुकला खवला असतो, इथं नव्हता. उलटं करून पोट पाहिलं, तिथंही रेघा. ब्रह्मदेशातल्या चांदणी कासवाच्या पोटावर नुसते काळे डाग असतात. म्हणजे हे आपलंच, जिओकेलोन एलिगन्स. १७९५ साली पहिलं वर्णन झालं तेव्हा तेही 'टेस्ट्युडो'च होतं.

तो मानेवरचा खवला मोठा फसवा. आपल्या त्रावणकोरी कासवालाही तो नसतो आणि इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या त्याच्या भावंडालाही नसतो. एवढ्या साम्यावर भिस्त ठेवून १९८४ मध्ये दोघांची एकच जात ठरवली गेली. २००१ मध्ये डीएनएनं त्यांना पुन्हा वेगळं केलं.

आठही कासवं चांदणीचीच निघाली. पण गुजरात-राजस्थानच्या कोरड्या रानातली की आंध्र-तमिळनाडूकडची, हे पाठीवरून सांगता येईना. ते कळल्याशिवाय सोडायची कुठं? नाव लागलं, गाव लागलं नाही. मला तरी घरात कासव ठेवून लक्ष्मी येते म्हणणाऱ्यांपेक्षा ते विकणाऱ्यांचाच जास्त राग येतो.

रस्त्यात कासव दिसलं तर पुण्य म्हणून तळ्यात टाकू नका. खांबासारखे पाय असतील तर ते बुडेल. घरीही नेऊ नका. २०२२ च्या दुरुस्तीनंतर चांदणी कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक १९२६.