मरळीची पिल्लं दिसली की गळ गुंडाळा

परवा सांगलीत आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला गळ टाकून बसलो होतो. काठच्या गवतापाशी नारिंगी पिल्लांचा थवा वळवळत वर आला. मी लगेच दोरी गुंडाळली.

ती मरळीची पिल्लं. खाली राखणीला आईबाप असतातच.

मरळ कल्ल्यांवर भागवत नाही, डोक्यातल्या पोकळीत वरची हवा भरून घेते. म्हणून अधूनमधून 'गुळुक' ऐकू येतं, आणि बाजारात पाण्याबाहेरही ती जिवंत दिसते.

पावसाळ्यात ती गळावर झडप घालते ती बऱ्याचदा भुकेपोटी नाही, पिल्लांसाठी. आईबाप काढले की तो थवा बाकीचे मासे फस्त करतात.

कराडच्या प्रीतिसंगमापासून खाली कुणी मरळ धरता का? आमिष काय लावता?