कर्णाच्या मुखीं कोणाचे शब्द?

आमचें बिऱ्हाड छत्रपति संभाजीनगरांतील छावणींत. शेजार लष्कराचा, त्यामुळें हुकूम म्हणजे हुकूम, ही गोष्ट घरांतील मुलांस नवी नाहीं. तरीहि गेल्या महिन्यांत एका हुकमावरून आमच्या घरीं जो कलह माजला, तो वाचकांच्या कानीं घालावासा वाटतो.

पुतण्याचा मुलगा अकरावींत आहे. रात्रीं जेवण उरकलें कीं मोबाइल घेऊन तो माडीवर जातो. अभ्यास चालत असेल अशी आमची समजूत. पण महाराज तेथें कर्ण होतात! निरनिराळ्या गांवचे सातआठ मित्र इंटरनेटवर जमतात, महाभारतांतील पात्रें वांटून घेतात, आणि आपापल्या पाळीला त्या पात्राचें बोलणें व करणें लिहितात. कथेचा धागा एक सूत्रधार सांभाळतो. परदेशची मुलें टोल्किनच्या किंवा हॅरी पॉटरच्या जगांत अशींच वावरतात म्हणे. आमच्या मुलांनीं कुरुक्षेत्र निवडलें याचें मनांतून बरें वाटलें, हें कबूल करितों.

खेळ उद्योगपर्वापर्यंत आला. श्रीकृष्णानें कर्णाला जन्मरहस्य सांगितलें, आणि आमचा कर्ण चटकन् पांडवांकडे निघाला! दुर्योधन झालेला मुलगा संतापला. सूत्रधारानें ती पाळीच रद्द ठरविली. शब्दानें शब्द वाढला, आणि दोन वर्षांची मैत्री तुटावयाची वेळ आली. मुलगा ताटावरून उठला तो मला विचारूनच : “आजोबा, सारें आधींच ठरलेलें असेल, तर लिहिण्यांत माझें असें काय राहिलें?”

प्रश्न खोटा नव्हता. मी निरुत्तर झालों, पण आमच्या वहिनी झाल्या नाहींत. त्यांचें माहेर सावंतवाडीकडचें. दशावतार पाहून त्या वाढल्या. त्या खेळांत लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतें, सोंगें वांटलीं जातात, आणि संवाद नटांस उभ्याउभ्या सुचतात. “दोघे वादाला पेटले म्हणजे पहांट होते,” वहिनी म्हणाल्या, “पण मेलेला असुर उठून राज्य करूं लागला, असें कांहीं मी पाहिलें नाहीं!” सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सीतास्वयंवर रंगभूमीवर आणलें, तेव्हांहि पदें सूत्रधारानें म्हणावीं आणि त्या अनुरोधानें पात्रांनीं आपलीं भाषणें आयत्या वेळीं करावीं, अशीच रीत होती.

मुलगा हटणारा नव्हता. “पण ती कथा तरी कोणीं ठरविली?” येथें त्याची बाजू बळकट होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली, ती १९६६ सालीं पुरी झाली. “मी सूताला वरणार नाहीं” हे द्रौपदीचे सर्वतोमुखी शब्द तिच्या सिद्ध पाठांत नाहींत. म्हणजे जिला आपण मूळ कथा म्हणतों, तींतहि अनेकांच्या पाळ्या मिसळल्या आहेत.

मग मला आठवलें तें पैठण. येथून अवघें ५० किलोमीटर. एकनाथांनीं जोशी, गोंधळी, वासुदेव अशीं किती सोंगें भारुडांतून घेतलीं! रामकथा तर आपल्याच भावार्थानें सांगितली. पण त्याच एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, आणि तींत कोणीं पदरची ओवी घालूं नये असें बजावलें. एकाच पुरुषाचें हें मोकळेपण आणि हा कडकपणा मला पूर्वीं विसंगत वाटे. आतां वाटत नाहीं. रामायण सांगतांना तोंड त्यांचें होतें. ज्ञानेश्वरी दुसऱ्याची ठेव होती. पुढें भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत येऊन अपुरें राहिलें. तें गावबानें पुरें केलें. पाळी त्याची आली, पण मागचे ४४ अध्याय त्यानें पुसले नाहींत.

मी मुलाला एवढेंच म्हटलें कीं, पांडवांस मिळणारा कर्ण लिहिण्यांत पाप नाहीं. पण तो निराळा खेळ, आणि तो आरंभींच सर्वांच्या संमतीनें मांडावा. या खेळांत दुर्योधनानेंहि दोन वर्षें लिहिलें आहे. त्याचा मित्र त्याला न विचारतां कसा पळवितां येईल? शिवाजी सावंतांनीं १९६७ च्या ‘मृत्युंजय’ कादंबरींत कर्णाचा मृत्यु टाळला नाहीं, तरी कर्ण त्यांचाच वाटतो, हेंहि सांगितलें. सूत्रधारानें मात्र न बोलतां पाळी पुसावयास नको होती; तीन ओळी लिहून समजावतां आलें असतें.

तीन रात्रीं मोबाइल बंद होता. चौथ्या रात्रीं त्यानें पाळी लिहिली व मला वाचून दाखविली. कर्ण राधेचें नांव घेऊन नकार देतो आणि कृष्णाच्या रथावरून उतरतो. पण जातां जातां एका घोड्याचा ढिला झालेला पट्टा दिसतो, तो सवयीनें आवळून मग चालूं लागतो. सारथ्याच्या घरचा मुलगा तो! हा पट्टा व्यासांच्या ग्रंथांत मला कोठें आढळला नाहीं. उत्तर प्रथम आलें तें दुर्योधनाचें : “उद्यां माझी पाळी. थांब.”