नव्या मालिकेपासून अपेक्षा
अमेरिकेंत १९६६ सालीं 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका दूरचित्रवाणीवर विनामूल्य दिसूं लागली. ती बंद पडणार अशी कुणकुण लागतांच प्रेक्षकांनीं पत्रांचा वर्षाव केला, व तिला तिसरें वर्ष लाभलें. २०१७ सालीं तिची 'डिस्कव्हरी' ही नवी शाखा निघाली. मात्र अमेरिकेंत पहिला भाग विनामूल्य दाखवून पुढील भागांस मासिक वर्गणी ठेवण्यांत आली. पैसे मोजणारा पारखही अधिक करतो. कथा मूळ मालिकेच्या सुमारें दहा वर्षें आधींची. तरी शत्रुपक्षाच्या क्लिंगॉनांचे चेहरे बदललेले पाहून कित्येक जुने चाहते रुष्ट झाले. नावीन्य हवें, पण ओळख मोडूं नये, अशी ही दुहेरी मागणी होय. वर्गणीनें प्रेक्षक मालक होत नाहीं. परंतु पडत्या काळीं ज्यानें पाठराखण केली, त्याचा शब्द निर्मात्यानें ऐकावा, हेंच उचित.