नावामागची शेपटी

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या भांडारात ‘लिबटॅग१सी२ए’ नावाचं पॅकेज होतं. गाण्यांच्या फायलींतून गायकाचं, अल्बमचं नाव वाचणारी साधी लायब्ररी. २०१५ मध्ये ती ‘लिबटॅग१व्ही५’ झाली. या नामांतरासाठी तिच्या कोडची एक ओळही बदलावी लागली नव्हती. बदलला होता तो कंपायलर, जीसीसी. ‘सी२’ हा २००५च्या जीसीसी ४ चा ठसा, ‘व्ही५’ हा जीसीसी ५ चा. या शेपट्या विद्रूप दिसतात खऱ्या, पण शेकडो प्रोग्रॅमनी मिळून एकच लायब्ररी वापरायची, तर त्या लावण्याचं रटाळ काम टाळता येत नाही आणि टाळूही नये.

झालं होतं ते असं. २०११ च्या सी++ भाषेच्या प्रमाणकाने ‘स्ट्रिंग’च्या दोन प्रतींनी गुपचूप एकच मेमरी वाटून घेण्याची जुनी युक्ती बाद केली. ‘लिस्ट’ची लांबीही दरवेळी न मोजता ताबडतोब सांगता आली पाहिजे, अशी अट घातली. त्यामुळे दोन्हींची आतली मांडणी बदलली. जीसीसीने स्वतःच्या मूळ लायब्ररीत जुनी आणि नवी अशा दोन्ही मांडण्या ठेवल्या, म्हणून तिच्या नावातला ‘६’ हा क्रमांक कायम राहिला. लोचा झाला तो इतरांचा. ज्या लायब्ररीची फंक्शनं स्ट्रिंग देतात-घेतात, ती नव्याने कंपाइल केली की तिच्यातल्या फंक्शनांची अंतर्गत नावं बदलतात. फाइलचं नाव मात्र तेच. जुना प्रोग्रॅम त्या फाइलपाशी जातो आणि हवं ते फंक्शन सापडत नाही म्हणून तिथेच कोसळतो. पत्ता तोच, कुलूप बदललेलं. हा बदल पॅकेज मॅनेजरला कळावा असं एकच ठिकाण उरतं, ते म्हणजे पॅकेजचं नाव. नवं नाव जुन्याशी ‘विरोध’ जाहीर करतं आणि अवलंबून असलेले सगळे प्रोग्रॅम एकदमच पलीकडे न्यावे लागतात.

एवढा खटाटोप कशाला, प्रत्येक ॲपने आपली शिदोरी आपल्याबरोबर आणावी, असं म्हणणारे आज पुष्कळ आहेत. फ्लॅटपॅक, स्नॅप, कंटेनर यांचा ओढा तिकडेच. सोय मोठी आहे, पण तिची किंमत दोनदा ठळकपणे दिसली. २००२ मध्ये झेडलिब या लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली, तेव्हा सामायिक प्रत एका दुरुस्तीत सुधारली; पण अनेक प्रोग्रॅमनी तिची नक्कल पोटात घेतली होती आणि त्या नकला शोधत बसावं लागलं. २०२३ मध्ये लिबवेबपी या लायब्ररीच्या बाबतीत तेच. ब्राउझर सोबत घेऊन फिरणाऱ्या ॲपांना एकेक करून सुधारावं लागलं.

यावर एक्सझेडचं उदाहरण पुढे येतं. मार्च २०२४ मध्ये त्या लायब्ररीत पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. सामायिक लायब्ररी म्हणजे सामायिक विषही. आक्षेप रास्त आहे. मात्र ५.६.० आणि ५.६.१ या दूषित आवृत्त्या डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंतच पोहोचल्या, स्थिर आवृत्तीत नाही. ज्या संथपणाची एरवी थट्टा होते, तोच इथे कामी आला. निक्स या पॅकेज मॅनेजरचा मार्ग अधिक देखणा: प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यातच त्याच्या घटकांचा हॅश, म्हणून अनेक आवृत्त्या शेजारी नांदतात. पण तिथेही पायाच्या सी लायब्ररीत दुरुस्ती झाली की वरचा डोलारा सहसा पुन्हा बांधावा लागतो. कष्ट संपत नाहीत, माणसाकडून यंत्राकडे जातात. हे काही थोडं नव्हे.

२०२४ मध्ये डेबियनमध्ये आणखी एक शेपटी आली, ‘टी६४’. ३२ बिटांत मोजलेली वेळ २०३८ मध्ये संपते, म्हणून ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांसाठी ती ६४ बिटांवर नेली गेली. गंमत अशी की ६४ बिटांच्या यंत्रांवर काहीच बदलणार नव्हतं, तरी ‘लिबएसएसएल३टी६४’ हे नाव तिथेही आलं; एकाच स्रोताला दोन नावं देत बसणं अधिक गोंधळाचं. ३२ बिटांच्याच आय३८६ ला मात्र वेळेच्या या बदलातून मुद्दाम वगळलं. ती शाखा जिवंत आहे ती मुख्यतः जुन्या, स्रोत हाती नसलेल्या प्रोग्रॅमसाठी, आणि जे पुन्हा कंपाइलच करता येत नाहीत त्यांच्यासाठी वेळ ६४ बिटांवर नेऊन उपयोग नाही. त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच चालेल.